राजीनामा लिहिण्याआधी एक वही करा

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात स्वतःबद्दलची वाक्यं जेमतेम दोन-तीन. बाकी सगळं घरच्यांबद्दल. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही ४८ वर्षांच्या, एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला. सासरे ८४ वर्षांचे, गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले, तेव्हापासून भिंत धरून चालतात. सासूबाई ७९, विसरायला लागल्या आहेत, रात्री उठून ‘गाडीची वेळ झाली’ म्हणत पिशवी भरायला घेतात. आई दुसऱ्या गावी एकटी राहते. धाकटे दीर परदेशात. पैसे पाठवतात आणि फोनवर म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त.’ नवरोबांचं म्हणणं, ‘तुझा पगार माझ्याहून कमी आहे, तूच सोडलीस तर सगळं सोपं होईल.’ या सगळ्यात भर म्हणून नणंदेचा मुलगा परवा सगळ्यांसमोर बोलून गेला, ‘म्हातारी माणसं वाढतच चालली आहेत, शेवटी भार आमच्याच पिढीवर येणार.’ सासऱ्यांनी ते ऐकलं आणि काही न बोलता आत निघून गेले.

तुम्ही विचारता: नोकरी सोडू का? म्हातारी माणसं खरंच समाजाला भार झाली आहेत का? आणि असले प्रश्न मनात येतात म्हणजे मी स्वार्थी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. त्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

पहिल्याचं उत्तरही सरळच देते. नोकरी सोडू नका. निदान आत्ता नको, आणि ‘सगळं सोपं होईल’ या भरवशावर तर मुळीच नको. सोपं होईल, पण कुणाला? ज्यांना आज थोडीफार टोचणी लागते आहे, त्यांची टोचणी संपेल. तुमचं काम आठवड्याचे सातही दिवस, रात्रंदिवस चालू होईल आणि त्याला सुट्टी, पगार, बदली यातलं काहीच नसेल. जपानमध्ये घरच्या आजारी-म्हाताऱ्यांचं करण्यासाठी दरवर्षी साधारण एक लाख माणसं नोकरी सोडतात. त्यांत बहुसंख्य बायका आहेत, आणि पन्नाशीच्या आसपास बाहेर पडलेलं माणूस पुन्हा त्याच पगारावर, त्याच हुद्द्यावर आत येणं अवघड असतं. तिथल्या सरकारला हा प्रश्न इतका बोचला, की घरच्या एकेका माणसामागे एकूण ९३ दिवसांची, तीन तुकड्यांत घेता येणारी रजा कायद्यात आहे. ९३ दिवसांत म्हातारपण संपत नाही, हे त्यांनाही कळतं. ती रजा स्वतः सेवा करत बसण्यासाठी नाहीच. सेवेची व्यवस्था लावून पुन्हा कामावर जाता यावं, यासाठी आहे. तुम्हालाही नेमकं तेच करायचं आहे.

आणखी एक हिशेब तुमच्याच खात्यातला आहे, म्हणून तुम्हाला लगेच कळेल. आज सोडलेला पगार हा फक्त आजचा पगार नसतो. त्यातून साठणारा निवृत्तीचा पैसा, वाढी, विमा हे सगळं त्याच्याबरोबर जातं. युरोपात वृद्ध स्त्रियांना मिळणारं पेन्शन पुरुषांपेक्षा सरासरी चतुर्थांशाने कमी आहे, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मुलांसाठी, मग आईवडिलांसाठी तुटलेली नोकरीची वर्षं. आज फुकटात सेवा करणारी बाई तीस वर्षांनी पैशाला लागलेली म्हातारी होते, आणि मग तिच्याकडे बोट दाखवून कुणी तरी म्हणतं, बघा, भार वाढला.

आता भाच्याकडे वळू. त्याला गप्प करायला जाऊ नका, कारण त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. २०२२ मध्ये जगात ६५ च्या पुढची माणसं दहात एक होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत ती सहात एक होतील. वेगही वाढला आहे. लोकसंख्येतला ६५ च्या पुढच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला साधारण ११५ वर्षं लागली. जपानने तेच अंतर २४ वर्षांत कापलं, दक्षिण कोरियाने १८ वर्षांत. फ्रान्सला दवाखाने, पेन्शन, जिने, रस्ते हे सगळं बदलायला चार पिढ्या मिळाल्या. कोरियात शाळेत असताना ज्याने तरुण देश पाहिला, तो नोकरीत स्थिरावेपर्यंत देश म्हातारा झाला.

पण हे होण्याचं कारण त्याला बहुधा उलटं माहीत आहे. लोकांना वाटतं, माणसं मरेनाशी झाली म्हणून म्हातारे वाढले. आयुष्य वाढलं हे खरंच आहे, मात्र म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढण्याचं मोठं कारण म्हणजे मुलं कमी झाली. लोकसंख्या टिकायला दर स्त्रीमागे साधारण २.१ मुलं लागतात. कोरियात २०२३ मध्ये हा आकडा ०.७२ होता. म्हणजे सासरे जास्त जगले हा ‘गुन्हा’ दुय्यम. सासऱ्यांच्या आईवडिलांचं करायला कदाचित पाच-सहा भावंडं आणि त्यांच्या बायका होत्या. त्यांचं करायला तुम्ही एकट्या आहात. खरं तर एकट्या नाही, कारण नणंदेचा मुलगा आहे म्हणजे नणंदही आहे. चार पानांत तिच्या वाट्याचं एकही काम मला सापडलं नाही. हे पुढे बघू.

आणि ‘भार’ मोजण्याची रीतही जरा तपासायला हवी. नेहमीचं गणित असं: १५ ते ६४ वयाची माणसं पोसणारी, ६५ च्या पुढची पोसली जाणारी, एकाला दुसऱ्याने भागायचं. या गणितात ६६ व्या वर्षी दुकान चालवणारा, नातवंडं सांभाळणारी आजी, स्वतःच्या पेन्शनवर घरखर्चाला हातभार लावणारे आजोबा हे सगळे भारात. उलट तिशीतला बेकार मुलगा मात्र पोसणाऱ्यांत. तुमचे रात्रीचे तास तर या गणितात कुठेच नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांतल्या पाहण्यांवरून हिशेब मांडला होता: घरातल्या बिनपगारी सेवेचे ७६.२ टक्के तास बायका देतात. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या समाजात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो हातांचा. पैसा त्यानंतर. आणि हा तुटवडा दिसत नाही, कारण तो बायकांच्या झोपेतून भरून काढला जातो.

तरीही भाच्याची भीती हसण्यावारी नेऊ नये. बऱ्याच देशांत आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतूनच आजच्या म्हाताऱ्यांचं पेन्शन दिलं जातं. कमावणारे घटले की एक तर वर्गणी वाढते, नाही तर पेन्शन कमी होतं, नाही तर निवृत्ती पुढे जाते. डेन्मार्कने २०२५ मध्ये निवृत्तीचं वय २०४० पर्यंत ७० वर नेण्याचा कायदा केला. चीननेही २०२५ पासून टप्प्याटप्प्याने वय वाढवायला सुरुवात केली. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला हे फारसं जड नाही. ज्याने चाळीस वर्षं ओझी उचलली, त्याला ७० पर्यंत काम कर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय एक पेच असा, की ६२ वर्षांची बाई नोकरीतच राहावी असं अर्थखातं म्हणतं, आणि तिनेच ८८ वर्षांच्या आईचं घरी करावं असं गृहीत धरून आरोग्यखातं खाटा कमी करतं. दोन्ही खाती एकाच बाईच्या दिवसावर डोळा ठेवून आहेत. (‘म्हातारे नोकरीला चिकटले म्हणून तरुणांना नोकऱ्या नाहीत’ असंही भाचा म्हणेल. अनेक देशांचे आकडे पाहिले तर तसं दिसत नाही. नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते.)

यावर उपाय काय निघाले आहेत, ते तुम्हाला सांगण्याचं कारण वेगळं आहे. त्यातला एक तुमच्या घरात उद्यापासून वापरता येण्यासारखा आहे.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकाळच्या सेवेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. जपानमध्ये वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. निम्मा पैसा हप्त्यांतून येतो, निम्मा करांतून. सेवा घेताना घरच्यांनी साधारण दहावा हिस्सा द्यायचा, मिळकत जास्त असेल तर थोडा अधिक. जर्मनीत घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या पेन्शनचा हप्ताही ठरावीक अटींवर हा विमा भरतो, म्हणजे त्या सेवेला काम म्हणून मान आहे. मला यातली मोलाची वाटते ती एक गोष्ट: मदत किती मिळायची हे मुलगा चांगला की वाईट, सून घरी आहे की नाही, यावरून ठरत नाही. म्हाताऱ्या माणसाला काय जमतं आणि काय जमत नाही, यावरून ठरतं.

जपानमध्ये त्यासाठी माणूस घरी येतो आणि ७४ मुद्द्यांची यादी घेऊन बसतो. कूस बदलता येते का? एका पायावर क्षणभर उभं राहता येतं का? हातापायांची नखं स्वतः कापता येतात का? मघाशी काय केलं, ते आठवतं का? प्रश्न साधे आहेत. पण नखांचा प्रश्न बघा: त्यात वाकणं, तोल, नजर, बोटांची पकड सगळं एकदम तपासलं जातं. यादीवरून गरजेच्या सात पायऱ्यांपैकी एक ठरते आणि त्यानुसार आठवड्याला किती तास मदत, दिवसभराचं केंद्र, आधाराचे कठडे वगैरे मिळतं. तिथेही सगळं आलबेल नाही. सेवकांचे पगार कमी, माणसं मिळत नाहीत, परदेशातून आणावी लागतात आणि ती जिथून येतात तिथल्या म्हाताऱ्यांचं कोण करणार, हा प्रश्न उरतोच. पण निदान ‘सून आहे ना’ हे सरकारी धोरण नाही.

दुसऱ्या टोकाला कायद्याने मुलांना बांधणारे देश आहेत. सिंगापूरने १९९५ मध्ये आणि भारताने २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला; चीनने २०१३ पासून त्यांना भेटायला जाणंही कायद्यात घातलं. टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी असे कायदे हवेतच. मात्र कायदा मुलाच्या खिशातून पैसे काढू शकतो, रात्री दोन वाजता सासूबाईंची पिशवी रिकामी करायला हात देऊ शकत नाही.

आता घरात काय करायचं ते.

एक वही घ्या आणि सलग एक आठवडा, करावं लागलेलं प्रत्येक काम वेळेसकट लिहा. भावना लिहू नका, फक्त काम. तुमच्या पत्रावरूनच एक रात्र मांडून दाखवते: ‘२:१० आई उठल्या, पिशवी. २:४० पुन्हा झोपवलं. ४:०० बाबांना बाथरूमला नेलं. ५:४५ औषधं, बी.पी. मोजलं. ७:३० आंघोळ, मला दोनदा बोलवलं. ११:१५ ऑफिसात फोन, चष्मा सापडत नाही. १:०० पुन्हा फोन, तोच चष्मा.’ शेजारच्या रकान्यात लिहा: हे काम दुसरं कोण करू शकलं असतं? हिशेबाच्या माणसाला रकाने पाडायला मी काय शिकवणार! आठवड्याअखेर बेरीज करा. मग त्या ७४ मुद्द्यांच्या धर्तीवर दोघांचीही जमतं-जमत नाहीची यादी करा. सासऱ्यांना कदाचित तुम्ही समजता त्याहून जास्त जमत असेल. ८४ व्या वर्षी गुडघे गेलेल्या माणसाला डोकं असतं. औषधांचे डबे भरणं, सासूबाईंना दुपारी गुंतवून ठेवणं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणं ही कामं त्यांना देऊन बघा. भाच्याच्या बोलण्याने जे आत निघून गेले, त्यांना आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत हे कळण्याची गरज आहे आणि तुम्हाला दुपारी फोन न येण्याची.

वही हातात घेऊन सगळ्यांना एकत्र बसवा. दीर पडद्यावर असले तरी चालतील, नणंद मात्र समोर हवी. तक्रारीने सुरुवात करू नका, बेरीज वाचून दाखवा. दीरांना सांगा, पैसे पोचतात, आता वेळ हवा. दूर बसून करता येणारी कामं भरपूर आहेत: औषधं मागवणं, विम्याचे कागद, बिलं, डॉक्टरांच्या वेळा ठरवणं, त्यांच्या आईला, म्हणजे सासूबाईंना, रोज ठरल्या वेळी अर्धा तास फोन. आणि वर्षातून काही आठवडे इथे येऊन घर सांभाळणं, तुम्ही सुट्टीवर असताना. नणंदेला महिन्यातले ठरावीक शनिवार-रविवार. भाच्याला आठवड्यातली एक संध्याकाळ. पुढच्या पिढीवर येणारा भार नक्की किती किलोचा आहे, ते त्यालाही कळेल. नवरोबांना रात्रीची पाळी, एक दिवसाआड. पगार जास्त आहे म्हणून रात्री दोनला कान कमी ऐकत नाहीत.

दीरांच्या पैशातून दिवसाची बाई ठेवा किंवा जवळपास वृद्धांचं दिवसाचं केंद्र असेल तर तिथे चौकशी करा. लोक काय म्हणतील याची धास्ती तुमच्या पत्रात तीनदा आली आहे. म्हणू देत. जे म्हणतात त्यांना वहीतली एक रात्र देऊ करा. सेवेला ठेवलेल्या बाईलाही आठवड्याची सुट्टी आणि ठरलेले तास द्या, नाही तर तुमची झोप तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल.

ऑफिसात राजीनाम्याआधी बोला. कामाच्या वेळा मागेपुढे करणं, काही दिवस घरून काम, बिनपगारी रजा, जे असेल ते विचारा. बायका लेकरांसाठी रजा मागतात तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. आईवडिलांसाठी मागायला मात्र त्यांनाच संकोच वाटतो.

न्हाणीघराकडे या आठवड्यातच बघा. पासष्टीच्या पुढचं दर तीन माणसांतलं साधारण एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतं, आणि जे एकदा पडलं त्याला पुन्हा पडण्याचा धोका जास्त. भिंतीला पक्का कठडा (टॉवेलची दांडी नव्हे, ती वजनाने उखडते), बसून आंघोळीला खुर्ची, ओलसर पायपुसणं हटवणं, खोलीपासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा, मागून घट्ट बसणारी चप्पल. एका हाडाच्या ऑपरेशनपुढे हा खर्च काहीच नाही.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ‘वय झालं की विसरतातच’ असं म्हणून सोडू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणं यांनीही माणूस विसराळू होतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत भरून सोबत न्या. विसरणं एक-दोन दिवसांत अचानक वाढलं तर वाट बघू नका, तो संसर्ग असू शकतो. आणि तो स्मृतिभ्रंशच निघाला, तर शेजाऱ्यांपासून लपवू नका. जपानमध्ये २००५ पासून साध्या नागरिकांना, दुकानदारांना, बँकेतल्या लोकांना, शाळकरी मुलांना साधारण दीड तासाचा वर्ग घेऊन शिकवतात की असं माणूस रस्त्यात गोंधळलेलं दिसलं तर समोरून, हळू, एका वेळी एकच वाक्य बोलावं. असे वर्ग केलेल्यांची संख्या एक कोटीवर गेली आहे. तुमच्याकडे वर्ग नसेल, पण तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तुम्ही पाच मिनिटांत हे सांगू शकता. सासूबाई पिशवी घेऊन बाहेर पडल्याच, तर त्यांना कुणी तरी नावाने हाक मारेल.

गावाच्या, शहराच्या कारभाराकडूनही मागा. रस्त्यात बसायला बाक, स्वच्छ संडास, म्हाताऱ्या पावलांना पुरेल इतका वेळ देणारा सिग्नल, दिवसाचं केंद्र. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धांसाठी शहर कसं असावं याची मार्गदर्शिका काढली, त्यात अशाच साध्या गोष्टी आहेत. मत मागायला येणाऱ्याला हे विचारा. म्हाताऱ्यांची मतं किती आहेत, ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

उरली तुमची आई. तिच्याबद्दल तुम्ही शेवटी दोनच ओळी लिहिल्या आहेत, ‘ती अजून धडधाकट आहे, म्हणून तिचं नंतर बघू.’ तिचं आत्ताच बघा, धडधाकट आहे म्हणूनच. सासूबाईंना काय हवं, हे आता विचारून खात्रीचं उत्तर मिळणार नाही; आईला विचारलं तर मिळेल. एकटं राहणं अवघड झालं तर कुठे राहायला आवडेल? पैशाचे, घराचे कागद कुठे आहेत? दवाखान्यात ती स्वतः बोलू शकत नसेल तर निर्णय कुणी घ्यायचा? कोणते उपचार नको वाटतात? पहिल्यांदा ती विषय बदलेल, दुसऱ्यांदा रागावेल. एकदाच फोनवर उरकू नका, जाऊन दोन दिवस राहा, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून, तिची सही घेऊन एक प्रत तिच्याकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा.